उतारूंना वाली कोण?

मुंबई शहरात मोटारबस प्रथम धावली ती १५ जुलै १९२६ या दिवशी, अफगाण चर्चपासून क्रॉफर्ड मार्केटपर्यंत. २०२६ हे त्या घटनेच्या शताब्दीचे वर्ष होय. शंभर वर्षे अखंड लोकसेवा करणाऱ्या संस्था आपल्याकडे बोटांवर मोजण्याइतक्याच आहेत. तेव्हा या निमित्ताने समारंभ व्हावेत, जुन्या छायाचित्रांची प्रदर्शने भरावीत आणि जाणत्यांनी दुमजली बसच्या आठवणी सांगाव्यात, हे सर्व यथायोग्यच आहे. परंतु समारंभाच्या मांडवाबाहेर, शहरातील कोणत्याही थांब्यावर, सायंकाळी सहा वाजता ताटकळत उभ्या असलेल्या उतारूला या शताब्दीचे फारसे कौतुक वाटेल असे आम्हांस वाटत नाही. त्याचा प्रश्न एकच आहे: माझी बस केव्हा येणार? हा प्रश्न वरकरणी क्षुल्लक दिसतो. वस्तुतः त्याच्या पोटात दुसरा, फार मोठा प्रश्न दडलेला आहे. या शहराचे रस्ते आणि या शहराचा पैसा कोणासाठी आहेत?

या प्रश्नाचे एक उत्तर आपल्या वडीलधाऱ्यांनी १९४७ साली देऊन ठेवले आहे. स्वातंत्र्याला अवघे आठ दिवस उरले असता, ७ ऑगस्ट १९४७ रोजी, ट्राम, बस आणि वीज यांचा कारभार खाजगी कंपनीकडून मुंबई महापालिकेने आपल्या हाती घेतला. दिवा आणि वाहन या नागरिकांच्या गरजा आहेत, त्या व्यापाऱ्याच्या नफ्यातोट्यावर सोडून चालणार नाहीत, हा त्या कृतीचा अर्थ होता. विजेच्या उत्पन्नातून वाहतुकीची तूट भरून काढावी, घरात दिवा लावणाऱ्याने बसमध्ये बसणाऱ्याला हातभार लावावा, अशी ती व्यवस्था दीर्घकाळ चालली. मात्र २००३ च्या वीज कायद्यानंतर ती वाट अरुंद होत गेली. वाट अरुंद झाली तेव्हा दुसरी वाट बांधणे हे महापालिकेचे आणि राज्य सरकारचे काम होते. ते झाले नाही. जे झाले ते असे की, २०१० च्या सुमारास चार हजारांहून अधिक असलेला बसगाड्यांचा ताफा २०२५ मध्ये तीन हजारांच्या खाली आला.

येथे वाचकांनी एक गोष्ट नीट ध्यानी घ्यावी. ३१ मार्च १९६४ रोजी मुंबईतील शेवटची ट्राम धावली. ट्राम बंद करणे शहाणपणाचे होते की नव्हते, याविषयी मतभेद असू शकतात. परंतु तो निर्णय उघडपणे घेतला गेला, आणि शेवटच्या ट्रामला निरोप देण्यासाठी लोक रस्त्यावर दुतर्फा उभे राहिले. बस बंद करण्याचा ठराव मात्र कोणत्याही सभागृहात कोणी मांडला नाही, कोणी त्याला अनुमोदन दिले नाही, कोणी विरोधात हात वर केला नाही. आयुष्य संपलेली गाडी भंगारात निघते आणि तिच्या जागी दुसरी वेळेवर येत नाही. दहा मिनिटांनी येणारी बस वीस मिनिटांनी, मग अर्ध्या तासाने येऊ लागते. उतारू कंटाळून भागीदारीच्या रिक्षात बसतो किंवा हप्त्याने दुचाकी घेतो. मग त्या मार्गावर उतारूच नाहीत असे कारण दाखवून मार्गच खंडित होतो. आधी अन्न तोडायचे आणि मग रोग्याला भूकच नाही असे म्हणायचे, अशातला हा प्रकार आहे.

उतारूंना बस नको आहे, हे खरे नाही. आणि याचा पुरावा याच शहराने दिलेला आहे. जुलै २०१९ मध्ये किमान भाडे आठ रुपयांवरून पाच रुपयांवर आणण्यात आले, तेव्हा काही दिवसांतच उतारूंची रोजची संख्या लाखांनी वाढली. बस स्वस्त आणि हाताशी असेल तर लोक तिच्याकडे परत येतात, एवढा सरळ धडा त्या प्रयोगाने शिकविला होता. धड्याची दुसरी अर्धी बाजू, म्हणजे वाढलेल्या उतारूंसाठी वाढीव गाड्या, ती मात्र कोरीच राहिली. पुढे ९ मे २०२५ पासून किमान भाडे साध्या बसला पाचावरून दहा रुपये आणि वातानुकूलित बसला सहावरून बारा रुपये झाले. सहा वर्षांत भाडे वाढले नव्हते, तेव्हा काही वाढ अटळ होती, हे आम्ही मान्य करतो. पण एकदम दुप्पट भाडे आणि तेही कमी झालेल्या गाड्यांसाठी, हा न्याय कोणता?

ज्याची मासिक मिळकत निश्चित आहे तो पास काढतो आणि थोडा तरी निभावतो. ज्या स्त्रीला दोन घरची धुणीभांडी करण्यासाठी जाता-येता मिळून चार वेळा बस धरावी लागते आणि उद्याचे काम उद्याच कळते, ती महिन्याचे पैसे एकदम कोठून भरणार? तिचे त्रैराशिक अगदी सोपे आहे. पूर्वी दिवसाला वीस रुपये, आता चाळीस. पंचवीस दिवसांचे पूर्वी पाचशे, आता हजार. हे वरचे पाचशे रुपये तिने मुलाच्या शिकवणीतून कापावेत की दुधातून, हे भाडेवाढीच्या कोणत्याही टिपणात लिहिलेले नसते. बहुधा ती दोन थांब्यांचे अंतर पायीच चालू लागेल, आणि उतारूंची संख्या घटली म्हणून कागदावर तेवढीच एक नोंद होईल.

बेस्टची बससेवा तोट्यात चालते, हे वाक्य आपण इतक्या वेळा ऐकले आहे की त्याचा अर्थ विचारावा असे कोणाला सुचतच नाही. अग्निशामक दल किती नफा मिळविते? रस्त्यावरचे दिवे महिन्याकाठी किती उत्पन्न देतात? महापालिकेच्या प्राथमिक शाळांचा ताळेबंद कोणी मांडला आहे काय? आणि ज्या उड्डाणपुलांवरून पथकर न देता मोटारी धावतात, त्या पुलांच्या तोट्याबद्दल कोणी अवाक्षर तरी काढतो काय? मोटारवाल्यासाठी केलेला खर्च ही गुंतवणूक आणि बसमधील उतारूसाठी केलेला खर्च हा तोटा, अशी ही भाषा आहे. भाषा बिघडली की विचार बिघडतो, आणि विचार बिघडला की धोरण बिघडते.

आकडेच पाहावयाचे तर तेही पाहू. मुंबई महापालिकेचे २०२५-२६ चे अंदाजपत्रक ७४ हजार कोटी रुपयांहून अधिक रकमेचे होते. त्यात बेस्टच्या साहाय्यासाठी १,००० कोटींची तरतूद होती, म्हणजे शंभर रुपयांत जेमतेम सव्वा-दीड रुपया. याच महापालिकेने मरीन ड्राइव्हपासून वरळीपर्यंत सागरी किनारा मार्ग बांधला. त्याचा पहिला टप्पा मार्च २०२४ मध्ये खुला झाला, लांबी साडेदहा किलोमीटरांच्या आसपास आणि खर्च बारा हजार कोटींच्या वर. त्या मार्गाच्या बांधणीतील कौशल्य आम्ही नाकारीत नाही. पण ज्या रस्त्यावर दुचाकीला आणि रिक्षाला प्रवेशच नाही, तो मुख्यतः मोटार बाळगणाऱ्यांचा रस्ता आहे, हे लपविण्यात अर्थ नाही. अशा एका रस्त्यासाठी बारा हजार कोटी उभे राहू शकतात आणि सबंध शहराच्या बससाठी गाड्या घ्यायला पैसा नसतो, याला पैशाची टंचाई म्हणत नाहीत. याला पसंती म्हणतात. शहराने पसंती जरूर ठरवावी, पण ती नागरिकांना विचारून ठरवावी.

आता भाडेकराराच्या गाड्यांविषयी. गेल्या काही वर्षांत बेस्टने स्वतःच्या गाड्या घेण्याऐवजी कंत्राटदारांच्या गाड्या त्यांच्या चालकांसह किलोमीटरच्या दराने घेण्याचे धोरण स्वीकारले. त्यामुळे खर्च कमी होईल असे सांगण्यात आले. प्रत्यक्षात २०२२ मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये कंत्राटदारांनी मध्येच काम सोडले, आणि त्या मार्गांवरील उतारू वाऱ्यावर राहिले. ऑगस्ट २०२३ मध्ये कंत्राटी चालकांनी वेतनासाठी संप केला, तेव्हा हा चालक नेमका कोणाचा नोकर, याचे उत्तर रस्त्यावर उभ्या असलेल्या नागरिकाला कोणीही देऊ शकले नाही. ९ डिसेंबर २०२४ रोजी कुर्ल्यात अशाच भाडेकराराच्या एका विजेवरील बसखाली अनेक निरपराध माणसांचे प्राण गेले. त्या दुर्घटनेतील दोषाचा निवाडा न्यायालय करील; तो आमचा अधिकार नाही. पण चालकाची निवड, त्याचे शिक्षण, त्याची पाळी आणि त्याचा पगार यांची जबाबदारी एकाने दुसऱ्यावर ढकलता येईल अशी व्यवस्था नागरिकांच्या जिवाशी सुसंगत आहे काय, हे विचारण्याचा अधिकार मात्र प्रत्येकाला आहे. सेवा महापालिकेच्या नावाने आणि उत्तरदायित्व कोणाचेच नाही, हे १९४७ च्या निर्णयाचे विडंबन होय.

यावर, आता मेट्रो आली आहे, बस कशाला हवी, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. आरे ते कफ परेड ही साडेतेहतीस किलोमीटरांची भुयारी मेट्रो ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्णपणे सुरू झाली, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु मेट्रो माणसाला स्थानकापर्यंत नेते; घरापर्यंत नेते ती बस. मेट्रोचे स्थानक आणि चाळीचे दार यांमधला एक-दीड मैल आजारी म्हातारा, गर्भवती स्त्री आणि दप्तराखाली वाकलेले पोर यांनी कसा काटायचा? हजारो कोटींचे भुयार खणायचे आणि त्याच्या तोंडाशी दहा रुपयांची बस ठेवायची नाही, यालाच आपल्याकडे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असे म्हणतात.

बेस्टच्या कारभारात सर्व आलबेल आहे असा आमचा दावा नाही. उधळपट्टी असेल तर ती रोखली पाहिजे. रिकाम्या मार्गांवर एकामागून एक तीन गाड्या आणि गर्दीच्या मार्गावर अर्धा तास शुकशुकाट, हा नियोजनाचा दोष आहे, आणि तो पैशाने सुटणारा नाही. जानेवारी २०१९ मध्ये नऊ दिवस संप झाला तेव्हा सर्वांत जास्त हाल गरिबांचेच झाले, हे कामगार संघटनांनीही विसरू नये. पण घरातील कर्त्या माणसाच्या सवयी सुधारायच्या असतील तर त्याला उपाशी ठेवून त्या सुधारत नाहीत.

मार्च २०२२ पासून जवळजवळ चार वर्षे या शहराला निवडून दिलेले सभागृह नव्हते. या काळात बससंबंधीचे महत्त्वाचे निर्णय प्रशासकाच्या सहीने झाले. जानेवारी २०२६ मध्ये निवडणूक झाली आणि नगरसेवक पुन्हा आपल्या आसनांवर आले. त्यांच्याकडून आम्ही चमत्काराची अपेक्षा करीत नाही. आमचे मागणे चार गोष्टींचे आहे. बससेवेची तूट ही महापालिकेच्या अंदाजपत्रकातील नित्य जबाबदारी मानावी. दरवर्षी हात पसरून मागावयाचे दान नव्हे. ताफ्याचा मोठा भाग उपक्रमाच्या मालकीचा असावा आणि चालक-वाहक त्याच्या थेट नोकरीत असावेत. प्रमुख रस्त्यांवर गर्दीच्या वेळी एक पट्टा केवळ बससाठी राखावा, कारण पन्नास माणसांची बस एकट्या माणसाच्या मोटारीमागे खोळंबून राहणे हा लोकशाहीचा नियम असू शकत नाही. आणि आगारांच्या जमिनींचा पुनर्विकास करावयाचा असेल तर तेथे आधी बससाठी पुरेशी जागा राखावी, मग इतर गोष्टींचा विचार करावा. या शहरात एकदा गेलेली मोकळी जमीन परत मिळत नाही.

शेवटी थोडेसे आपल्या स्वतःविषयी. हे पत्र वाचणाऱ्या सुशिक्षित मध्यमवर्गाने एके काळी बस ही आपली मानली होती. दादरच्या थांब्यावर प्राध्यापक, कारकून, गिरणी कामगार आणि शाळकरी मुले एकाच रांगेत उभी राहत, आणि बस उशिरा आली तर दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत तक्रारीची पत्रे येत. रांग लावण्याची ही शिस्त सबंध देशात मुंबईची ओळख होती. पुढे आपल्यापैकी पुष्कळांनी मोटारी घेतल्या, उरलेल्यांना भ्रमणध्वनीवर टॅक्सी मागविता येऊ लागली, आणि रांगेत ज्यांचा आवाज कोणी ऐकत नाही तेवढेच मागे राहिले. बस खालावली म्हणून आपण ती सोडली हे जितके खरे, तितकेच आपण सोडली म्हणून ती खालावली हेही खरे आहे. ज्या शाळेतून शिकलेल्यांची मुले निघून जातात त्या शाळेची कौले कोणी शाकारीत नाही, हे आपण पाहिलेले आहे. बसचेही तसेच झाले.

म्हणून शताब्दीच्या निमित्ताने आमची वाचकांना विनंती आहे. या आठवड्यात एक दिवस मोटार घरी ठेवा आणि आपल्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या थांब्यावर जाऊन उभे राहा. बस किती वेळाने आली ते टिपून ठेवा, आणि तेवढा एक आकडा आपल्या प्रभागाच्या नगरसेवकाला सहीनिशी लिहून पाठवा. अशी हजार पत्रे गेली तर उतारूंना वाली कोण, हा प्रश्न विचारण्याची पाळी आमच्यावर येणार नाही.