नावानं हाक मारा

ऑक्टोबर १८८२ मध्ये टिळक आणि आगरकर डोंगरीच्या तुरुंगातून सुटले. कोल्हापूर प्रकरणातल्या अब्रुनुकसानीच्या खटल्यात त्यांना चार महिन्यांची शिक्षा झाली होती, प्रत्यक्षात १०१ दिवस काढावे लागले. दोघंही तेव्हा सव्वीस वर्षांचे. पुढे आगरकरांनी ‘डोंगरीच्या तुरुंगातील आमचे १०१ दिवस’ हे पुस्तक लिहिलं. त्या नावातला ‘आमचे’ हा शब्द मला फार मोलाचा वाटतो. कोठडी सरकारची, ताट सरकारचं, कुलूप सरकारचं. दिवस मात्र आमचे.

उमरखाडीच्या त्याच जुन्या तुरुंगाच्या जागेत पुढे मुलांचं निरीक्षणगृह आलं. मुंबईकर त्याला आजही ‘डोंगरीचं रिमांड होम’ म्हणतात. तिथल्या किंवा राज्यातल्या कुठल्याही बालगृहातल्या मुलाला आपल्या दिवसांना ‘माझे’ म्हणता येतं का, हा या आठवड्याचा प्रश्न आहे.

संस्थांच्या कागदांवर मुलाला ‘प्रवेशित’ म्हणतात. मंजूर संख्या इतकी, हजर प्रवेशित इतके. सकाळी गणती, मग आंघोळीची रांग, ताटाची रांग. केस एकाच धाटणीचे. कपडे ढिगातून हाताला लागतील ते. काल याच्या शर्टावर पडलेला वरणाचा डाग आज दुसऱ्याच्या अंगावर असतो.

अशा काही गृहांत मी गोष्टी वाचायला जाते. एका मुलानं वहीच्या शेवटच्या पानावर स्वतःचं नाव वीस-पंचवीस वेळा लिहिलं होतं, दरवेळी नव्या वळणाची सही. कागद वाया घालवला म्हणून तो बोलणी खाऊन बसला होता. मुलींच्या गृहात दोन घट्ट वेण्यांचा नियम होता. एक मुलगी कानामागची एक बट मोकळी सोडायची. रोज ओरडा खायची, रोज सोडायची.

मोठी माणसं याला शिरजोरपणा म्हणतात. माझ्या मते ती मुलं स्वतःला हरवू देत नव्हती. मला काळजी वाटते ती बट सोडणं थांबवलेल्या मुलीची. सगळे तिला शहाणी म्हणतात. आणि अठरा पूर्ण झाल्यावर ‘पुढे काय करायचंय?’ असं विचारलं की ती अधीक्षकांच्या तोंडाकडे बघते. इतकी वर्षं तिला कुणी काही विचारलेलंच नसतं.

२०१५ च्या बाल न्याय कायद्याचं ७४ वं कलम अशा मुलांचं नाव किंवा छायाचित्र प्रसिद्ध करायला मनाई करतं. ते योग्यच आहे. एका बातमीचा डाग जन्मभर पुसत नाही. पण जे नाव बाहेर झाकायचं, ते आत तरी मोकळेपणानं घेतलं गेलं पाहिजे. आतही ते ‘ए, तू’ झालं, तर त्या मुलानं आपलं नाव ऐकायचं कुठे?

कायद्याला याची जाण आहे. मुलाचा सन्मान आणि त्याच्याविषयीच्या निर्णयांत त्याचा सहभाग ही दोन्ही या कायद्याची मूलतत्त्वं आहेत. २०१६ च्या आदर्श नियमांनुसार प्रत्येक गृहात ६ ते १०, ११ ते १५ आणि १६ ते १८ अशा वयोगटांच्या, फक्त मुलांच्याच समित्या हव्यात. दिनक्रम, आहार, होणारा त्रास यांवर त्यांनी बोलायचं आहे. भित्तिपत्रक, चित्रं, नाटक यांतून व्यक्त व्हायचं आहे, आणि त्यासाठी लागणारं साहित्य संस्थेनं पुरवायचं आहे. मी पाहिलेल्या काही गृहांत मात्र समिती भेटली ती रजिस्टरातच. सगळ्या सभांचं इतिवृत्त एकाच हस्ताक्षरात, आणि ते हस्ताक्षर मोठ्या माणसाचं.

काळजीवाहक कमी, मुलं जास्त. रांगेशिवाय त्यांचं भागत नाही, हे मला मान्य आहे. मूल पळून जाईल, काही लपवून ठेवेल, ही भीतीही खोटी नाही. पण नाव टाचलेला स्वतःचा एक शर्ट, एक पेटी, भिंतीवरचा एक कोपरा आणि महिन्यातून एकदा खरोखर ऐकून घेतलेलं म्हणणं यांनी सुरक्षेला धोका पोहोचत नाही. ज्या मुलाकडे सांभाळायला स्वतःचं काही असतं, ते स्वतःलाही सांभाळतं.

आता थोडं वाचकांशी. घरातल्या वाढदिवसाला बालगृहात खाऊ वाटायला जाणारे आपल्यात पुष्कळ आहेत. जरूर जा, रीतसर परवानगी घेऊन जा. मात्र मुलांना पुन्हा एका रांगेत उभं करून फोटो काढू नका. शेजारी बसा, नाव विचारा. परत गेलात की त्या मुलाला त्याच नावानं हाक मारा.