राउटर दारातच का?

उन्हाळ्याच्या सुट्टीत जानकीपुरमला घरी पोहोचलो, तेव्हा आई-बाबांचा वाद चालू होता. मागच्या खोलीत वाय-फाय पोहोचत नव्हते आणि बाबा जास्त वेगाचा प्लॅन घ्यायला निघाले होते. त्या खोलीत आजी झोपून असते. साताऱ्याहून आत्याचा रोज व्हिडिओ कॉल येतो. तो मधेच अडकला, की आजीला वाटते आत्यानेच फोन ठेवला.

माझे मत स्पष्ट आहे : पैसे भरण्याआधी राउटर हलवावा. प्लॅनचा वेग राउटरपर्यंतच येतो. पुढची वाट भिंतींतून जाते.

राउटरची जागा आमच्या घरात कोणी ठरवली? वायरने. ती दारातून आत आली, बसवणाऱ्याने तिथेच खिळा ठोकला. तिथून आजीच्या पलंगापर्यंत नऊ इंची विटांच्या दोन भिंती, फ्रिज आणि लोखंडी कपाट. वीट लहरींची ताकद काही प्रमाणात खाते, सळ्यांचे काँक्रीट त्याहून जास्त. पत्रा तर त्यांना परतवूनच लावतो. पाणीही लहरी शोषते. लखनौतला पाण्याने भरलेला पत्र्याचा कूलर म्हणजे दोन्ही अडथळे एकाच डब्यात!

नकाशावाचनाच्या तासाला आम्ही टेकडीमागची आंधळी जागा शोधायला शिकतो. तरी पहिल्या प्रयत्नात मी चुकलोच. उंच जागा चांगली म्हणून राउटर कपाटावर मागे सरकवून ठेवला, आणि पलंग पत्र्याच्या सावलीत गेला.

मग फायबरची डबी दारातच ठेवली आणि १० मीटर लॅन केबल ओढून राउटर पॅसेजमधल्या लाकडी फळीवर नेला. आजीच्या उशाशी मोबाईलवर आधी उणे ८१ डीबीएम दिसत होते, आता उणे ६१. दर १० डेसिबलला ताकद दहापट, म्हणजे इथे शंभरपट! फोन २.४ गिगाहर्ट्झवर ठेवला. त्याची लहर सुमारे १२ सेंटिमीटरची. ५ गिगाहर्ट्झची जवळपास निम्मी, आणि ती भिंतीत जास्त अडते.

तीन मजली घरात एवढ्याने भागणार नाही, हे मान्य. स्लॅबच्या वर केबलने जोडलेला दुसरा राउटर लागेलच. म्हणून घर बांधणाऱ्या पालकांना विनंती : विजेचे पाइप टाकताना घराच्या मध्यापर्यंत एक रिकामा पाइपही टाकून घ्या. तो नसल्यामुळे आमची केबल भिंतीवरून उघडीच गेली आहे, आणि आईला ती अजिबात आवडलेली नाही.