खापरी ते ग्वांगचौ

मिहान प्रकल्पाच्या कडेला, खापरी स्थानकात थांबणारी नागपूर मेट्रोची गाडी चीनमधल्या दालियानच्या कारखान्यात तयार झाली. नागपूरचे चीनशी नाते मात्र त्याहून कितीतरी जुने आहे.

1938 साली जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनच्या मदतीला भारतीय राष्ट्रीय काँग्रेसने पाच डॉक्टर पाठवले. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस सर्वांना आठवतात. त्याच पथकात नागपूरचे डॉ. चोळकर होते, आणि त्यांचे नाव त्यांच्याच शहरात क्वचित निघते. ही उपेक्षा बोचते. मिहानमध्ये आज एम्स उभे आहे. तिथे शिकणाऱ्या मुलांना तरी हे नाव सांगायला हवे. कोटणीसांनी चिनी भाषा आत्मसात केली, 1941 मध्ये क्वो छिंगलान यांच्याशी संसार थाटला आणि पुढच्याच वर्षी, 9 डिसेंबरला, चीनमध्येच अखेरचा श्वास घेतला.

आज नोकरी-व्यापारासाठी चीनमध्ये राहणाऱ्या भारतीयांचे दिवस निराळे. भाड्याच्या घरात पाऊल टाकले की 24 तासांत पोलिसांकडे नोंद. भाजीच्या गाड्यावर नोटा क्वचितच निघतात. मोबाइलने कोड टिपला की पैसे चुकते. रेल्वेच्या डब्यात उकळत्या पाण्याचा नळ असतो, त्यामुळे सोबत चहापत्ती असली की लांबचा प्रवासही सुसह्य होतो.

खरी दगदग ये-जा करण्याची. 2020 मध्ये बंद पडलेली भारत-चीन थेट विमाने 26 ऑक्टोबर 2025 रोजी कोलकाता–ग्वांगचौ मार्गाने पुन्हा उडू लागली, नंतर दिल्लीहूनही. मिहानला खेटून विमानतळ असला, तरी नागपूरकराला वाटेत विमान बदलावेच लागते.