डिग्री एकच, कॉलेजं दोन : आधी कर्जाचा हिशेब मांडा

गेल्या महिन्यात अमेरिकेतून आमच्या चुलतभावांचा फोन आला. त्यांच्या लेकीला दोन ऑस्टिओपॅथिक मेडिकल कॉलेजांत सीट मिळाली आहे. एक त्यांच्याच राज्यातलं सरकारी आणि जुनं, दुसरं दूरच्या राज्यातलं नवं, खासगी, चकाचक इमारतीचं. मुलीचा कल दुसऱ्याकडे, अम्मीचा पहिल्याकडे. भाईजान म्हणाले, "तू मास्तर आहेस, काहीतरी मशवरा दे." आम्ही डॉक्टर नाही, पण मुलांचे प्रवेश आणि पालकांची धावपळ वीस वर्षं जवळून पाहतो आहोत. म्हणून माहिती गोळा करायला बसलो. जे हाती आलं ते इथे मांडतो, कारण असे नातेवाईक आज आपल्यापैकी बऱ्याच घरांत आहेत.

आधी एक गैरसमज दूर करू. आपल्याकडे डोळ्यांच्या डॉक्टरांच्या पाटीवर 'डी.ओ.' दिसतं, तो नेत्रविकाराचा डिप्लोमा. इंग्लंडमध्ये ऑस्टिओपॅथ म्हणजे हाडं-स्नायूंवर हाताने उपचार करणारा. तो औषधं लिहिणारा डॉक्टर नव्हे. अमेरिकेतला डी.ओ. मात्र पूर्ण डॉक्टर असतो. औषधं देतो, ऑपरेशन करतो, पन्नासही राज्यांत प्रॅक्टिस करतो. अँड्र्यू टेलर स्टिल यांनी १८९२ मध्ये मिसूरी राज्यातल्या कर्क्सव्हिल गावात या शिक्षणाचं पहिलं कॉलेज काढलं. आज अशी चाळीसहून अधिक कॉलेजं आहेत आणि अमेरिकेतल्या मेडिकलच्या दर चार विद्यार्थ्यांमागे एक तिथे शिकतो. एम.डी.चाच अभ्यास, वर हाताने करायच्या उपचारांचे साधारण दोनशे तास.

"मग डी.ओ. म्हणजे दुय्यम का?" हा प्रश्न वहिनींनी विचारलाच. २०२० पासून एम.डी. आणि डी.ओ. दोघांच्या रेसिडेन्सीला, म्हणजे पदवीनंतरच्या हॉस्पिटल प्रशिक्षणाला, एकच मान्यता-व्यवस्था आहे. २०२५ मध्ये शेवटच्या वर्षाच्या डी.ओ. विद्यार्थ्यांपैकी ९२ टक्क्यांहून अधिक जणांना रेसिडेन्सीची जागा मिळाली, एम.डी.वाल्यांचा आकडा ९३ च्या आसपास होता. काही मोजक्या शाखांत, उदाहरणार्थ त्वचारोग किंवा न्यूरोसर्जरी, डी.ओ.ला वाट अजून अवघड आहे, हेही खरं. पण मुलीपुढची दोन्ही कॉलेजं डी.ओ.चीच. डिग्री एकच मिळणार. मग फरक कशात?

पहिला फरक पैशाचा, आणि इथेच यंदा मोठा बदल झाला आहे. ४ जुलै २०२५ रोजी राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी सही केलेल्या कायद्याने 'ग्रॅड प्लस' हे सरकारी कर्ज येत्या १ जुलै २०२६ पासून नव्या विद्यार्थ्यांसाठी बंद होतं आहे. २००६ पासून या योजनेत फी, राहणं, खाणं असा जेवढा खर्च तेवढं कर्ज मिळत असे. आता मेडिकलच्या विद्यार्थ्याला सरकारकडून वर्षाला जास्तीत जास्त ५० हजार डॉलर आणि एकूण २ लाख डॉलर एवढंच कर्ज मिळेल. आधीपासून कर्ज घेऊन शिकणाऱ्यांना काही काळ सवलत आहे. पण या उन्हाळ्यात पहिल्या वर्षाला बसणाऱ्या मुलांना नवा नियम लागू.

अनेक खासगी कॉलेजांची नुसती ट्यूशन फीच ५० हजार डॉलरच्या वर आहे. समजा, सरकारी कॉलेजात राहण्या-खाण्यासह वर्षाला ७० हजार लागले आणि खासगीत ९५ हजार. सरकारी कर्ज वजा केलं तर एका ठिकाणी वर्षाला २० हजार कमी पडतात, दुसऱ्या ठिकाणी ४५ हजार. चार वर्षांत ८० हजार विरुद्ध १ लाख ८० हजार. हा खड्डा बापाच्या खिशातून नाहीतर खासगी बँकेच्या कर्जातून भरायचा. बँक बहुतेक वेळा जामीनदार मागते. शिवाय सरकारी किंवा ना-नफा हॉस्पिटलात दहा वर्षं नोकरी करून हप्ते भरले की उरलेलं सरकारी कर्ज माफ होण्याची योजना आहे. खासगी कर्जाला ती लागू नाही.

दुसरी गोष्ट व्याजाची, जी आपल्या घरांत टाळता येत नाही. २०२५-२६ मध्ये या सरकारी कर्जाचा दर ७.९४ टक्के आहे आणि व्याज शिकत असतानाच चढायला लागतं. हाच दर धरून दर वर्षी ५० हजार घेतले, तर पास होईपर्यंत सुमारे ४० हजार डॉलर नुसतं व्याज होतं. असं कर्ज घ्यावं की नाही, यावर आपल्या आलिमांशी बोला. तो फतवा देणं आमचं काम नाही. पण कर्ज जेवढं लहान, तेवढा हा प्रश्नही लहान. अमेरिकेत 'अ कंटिन्युअस चॅरिटी' ही मुस्लिम संस्था विद्यार्थ्यांना बिनव्याजी कर्ज देते. तिथे अर्ज करायला लाजू नये. आणि खानदानातल्या कमावत्या मंडळींनी मिळून कर्ज-ए-हसना दिलं तर? लग्नाच्या हॉलसाठी आपण रक्कम उभी करतो, तालीमसाठीही करू शकतो.

तिसरा फरक शेवटच्या दोन वर्षांचा. अनेक ऑस्टिओपॅथिक कॉलेजांकडे स्वतःचं मोठं हॉस्पिटल नसतं. तिसऱ्या-चौथ्या वर्षी मुलांना वेगवेगळ्या गावांतल्या हॉस्पिटलांत पाठवतात. म्हणून इमारत पाहून हुरळून जाऊ नका; दोन्ही कॉलेजांना हे विचारा : माझी मुलगी कुठल्या शहरात, कुठल्या हॉस्पिटलात शिकेल? राहायची सोय कोण करेल? गेल्या वर्षी किती मुलांना रेसिडेन्सी मिळाली, आणि कुठल्या शाखेत? किती मुलं मध्येच गळाली? कॉलेज नवं असेल तर पूर्ण मान्यता मिळाली आहे का, आणि सरकारी कर्ज तिथे लागू आहे का? नव्या कॉलेजला पूर्ण मान्यता पहिली बॅच पास होण्याच्या सुमारास मिळते. उत्तरं तोंडी नकोत, लेखी घ्या.

इथून मुलांना परस्पर डी.ओ.ला पाठवायचं मनात असेल त्यांना एक इशारा. ही सरकारी कर्जं परदेशी विद्यार्थ्यांना मिळत नाहीत, आणि फार थोडी डी.ओ. कॉलेजं परदेशी विद्यार्थी घेतात. एजंट काहीही म्हणो, कॉलेजच्या कागदावर पाहूनच पुढे जा.

भाईजानना आम्ही सांगितलं, हॉस्पिटलांचं उत्तर दोन्हीकडून सारखं आलं तर घरच्या राज्यातलं सरकारी घ्या. लेक नाराज झाली. म्हणाली, "चाचा, तिथे सगळं जुनं आहे." आम्ही तिला एवढंच म्हटलं, "बेटा, पेशंट तुझ्या कॉलेजची इमारत बघणार नाही. पण डोक्यावर कर्ज कमी असेल तर उद्या गरीब वस्तीत दवाखाना टाकावासा वाटला, तर तू टाकू शकशील. कर्ज जास्त असेल तर जिथे पगार मोठा, तिथेच जावं लागेल."

ती गप्प झाली. मग तिने दोन्ही कॉलेजांना प्रश्नांची यादी पाठवली. एकाचं उत्तर आलं आहे, दुसऱ्याची वाट पाहतो आहोत. ते आलं की इस्तिखारा करून ती स्वतः ठरवेल.