वाट कुणाच्या मालकीची?

मागे एका ट्रेकला जेवायला बसलो असताना एका नवीन मुलाने लीडरला सिंगापूर नाळेचा जीपीएस ट्रॅक मागितला. लीडर हसून म्हणाला, "ट्रॅक नाही देत राव आम्ही. ते आमचं प्रॉडक्ट आहे. पुढच्या महिन्यात इव्हेंट लावतोय, ये की!"

मुलगा गप्प बसला. मी मात्र तेव्हापासून या 'प्रॉडक्ट' शब्दावर अडकलोय. प्रॉडक्ट नक्की कशाला म्हणायचं? दिवसभर सॉफ्टवेअर बनवून पोट भरणाऱ्या माणसाला हा प्रश्न पडणारच.

ज्यांना हा भाग माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. भोर आणि वेल्हे (या तालुक्याचं नाव आता राजगड झालंय) म्हटलं की आपल्याला राजगड, तोरणा, फार तर रोहिडा आणि रायरेश्वर आठवतात. पण या दोन तालुक्यांची पश्चिमेकडची कड म्हणजे सह्याद्रीची धार. तिथे देश संपतो आणि खाली एकदम कोकण. या धारेवरून उतरणाऱ्या जुन्या वाटा म्हणजे घाटवाटा. केळदचा मढे घाट, शेजारचा उपांड्या, मोहरीजवळची बोराट्याची नाळ, सिंगापूरची नाळ, अशा कितीतरी. नाळ म्हणजे दोन कड्यांच्या बेचक्यातली, दगडधोंड्यांनी भरलेली घळ.

या वाटांवर चालणं हा नुसता व्यायाम नाही, ती कारागिरी आहे. ढोरवाट कुठली आणि माणसांची पायवाट कुठली, कारवीच्या रानात वाट हरवली तर कुठल्या सोंडेवर यायचं, पाणी मार्चपर्यंत टिकतं की जानेवारीतच आटतं, हे सगळं चालून चालून आणि विचारून विचारून कळतं. यातलं 'विचारून' महत्त्वाचं. कारण ही माहिती पुण्या-मुंबईच्या कुठल्याच ट्रेकरने शोधलेली नाही. मोहरी, सिंगापूर, केळदची माणसं बाजारासाठी, सोयरिकीसाठी, गुरांमागे या वाटांनी ये-जा करत आली. आपल्याला कुणीतरी बांधावर उभं राहून हाताने दाखवलं, "त्या आंब्यापासून डावीकडं उतरा", आणि आपण ते वहीत लिहून घेतलं. आता त्या वहीला आपण प्रॉडक्ट म्हणायचं?

थांबा, लगेच मला फुकट्यांच्या रांगेत बसवू नका. डोंगरातून पैसे मिळवण्याला माझा अजिबात विरोध नाही. चाळीस अनोळखी माणसं सुखरूप नेऊन आणणं हे जबरदस्त कष्टाचं काम आहे. दोर, हार्नेस, प्रथमोपचार, गाडी, आधी स्वतः जाऊन वाट बघून येणं, आणि कुणाचा पाय मुरगळला तर त्याला खांद्यावर घेऊन खाली आणणं. या सगळ्याचे पैसे घ्यावेत, चांगले घ्यावेत. राज्य सरकारने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आणलं, आयोजकांना नोंदणी आणि सुरक्षेचे नियम लावले. नियम पाळायचे तर खर्च येतो, आणि तो फीमध्ये दिसणारच.

शिवाय 'पूर्वी सगळं कसं निःस्वार्थ होतं' हे रडगाणंही मला पटत नाही. गोनीदांचं 'दुर्गभ्रमणगाथा' दुकानात विकतच मिळायचं. प्र. के. घाणेकरांची पुस्तकं, हरीश कापडियांचं 'ट्रेक द सह्याद्रीज', सगळ्यांवर किंमत छापलेली होती. पण फरक बघा. पुस्तक विकत घेतलेला माणूस पुढच्या वेळी एकटा जाऊ शकायचा. त्याच्या पैशाच्या बदल्यात त्याला थोडं शहाणपण मिळायचं. आणि 'सीक्रेट रूट'च्या इव्हेंटला गेलेला माणूस? पाच वेळा जाऊन आला तरी सहाव्या वेळी त्याला लीडरची पाठच शोधावी लागते.

माझी कसोटी एवढीच आहे. पैसे घेतल्यावर समोरचा माणूस जाणकार होतो, की कायमचं गिऱ्हाईक राहतो?

आमच्या धंद्यात हा वाद कधीच होऊन गेलाय. ओपन सोर्स म्हणजे फुकट, असं आजही खूप लोकांना वाटतं. तसं नाहीये. जीपीएल लायसन्सखालचं सॉफ्टवेअर तुम्ही खुशाल विका, फक्त घेणाऱ्याला सोर्स कोडही द्यावा लागतो. रेड हॅटने लिनक्सच्या जोरावर कंपनी उभी केली. कोड उघडा होता, पैसे होते ते सपोर्टचे आणि जबाबदारीचे. २०१९ मध्ये आयबीएमने ती ३४ अब्ज डॉलर्सना विकत घेतली. म्हणजे माहिती वाटून टाकली की धंदा बुडतो, हे काही खरं नाही!

त्याहून जवळचं उदाहरण ओपनस्ट्रीटमॅपचं. २००४ मध्ये सुरू झालेला हा नकाशा जगभरच्या हौशी लोकांनी बनवलाय. तो धंद्यासाठीही वापरता येतो. अट इतकीच, की श्रेय द्यायचं आणि त्यात सुधारणा करून नकाशा पुढे दिलात तर त्याच अटींवर द्यायचा. विहिरीचं पाणी न्या, पण दोर कापून नेऊ नका, असा साधा हिशोब.

आता यावर दोन आक्षेप नेहमी येतात. पहिला सुरक्षेचा. ट्रॅक उघडा केला तर नवखी पोरं नाळेत उतरतील आणि मरतील. भीती खरी आहे, पण इलाज चुकीचा आहे. नवखी पोरं तशीही जातात, फक्त अर्धवट माहितीवर जातात. नुसती रेघ देऊ नका, पूर्ण माहिती द्या. पावसाळ्यात हीच नाळ ओढा होते, अमुक वाजल्यानंतर उतरायला सुरुवात करू नका, इथे दोर लागतो, इथे आमचे लोक चुकले होते. लपवलेल्या वाटेपेक्षा नीट समजावलेली वाट केव्हाही सुरक्षित.

दुसरा आक्षेप गर्दीचा. हा जास्त अवघड आहे. जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी स्थापत्याच्या बारा किल्ल्यांना युनेस्कोने जागतिक वारसा म्हटलं, त्यात राजगडही आहे. रविवारी चोरदरवाजाच्या वाटेवर काय होतं हे ज्यांनी पाहिलंय, त्यांना बोराट्याच्या नाळेचं तसं झालेलं नकोच असणार. मलाही नकोय. पण 'गर्दी नको म्हणून ट्रॅक देत नाही' असं म्हणणाराच जर दर शनिवारी दोन बसेस भरून नेत असेल, तर त्याला गर्दीचं वाईट वाटत नाही, फक्त दुसऱ्याच्या गर्दीचं वाटतं.

आणि या सगळ्या भांडणात मूळ मालक कुठे आहे? समजा, माणशी १,२०० रुपये, चाळीस माणसं, म्हणजे ४८,००० रुपये झाले. त्यातले गावात किती राहिले? पिठलं-भाकरीचे आणि ज्याने खरी वाट दाखवली त्या वाटाड्याचे मिळून किती? आणि परतल्यावर फोटोखाली नाव कुणाचं येतं? पूर्वी घाटांवर जकात घेतली जायची, तेव्हा निदान वाटेवर चौकी-पहारा असायचा. आपण जकात घेतो पुण्यात बसून, आणि पडलेली दरड बाजूला करायला गावचाच माणूस!

म्हणून ट्रेकची फी भरण्याआधी आयोजकाला तीन प्रश्न विचारत चला. वाटाड्या गावातला आहे का आणि त्याला किती देता? मला वाट शिकवणार की नुसती चालवणार? आणि ट्रेक झाल्यावर ट्रॅक देणार का? नीट उत्तरं मिळाली तर घासाघीस न करता पैसे भरा, तो माणूस त्याच्या कष्टाचेच मागतोय. टाळाटाळ झाली तर सरळ मोहरीला जा, कुणाच्या तरी ओसरीवर बसा, चहा घ्या आणि वाट विचारा. सोबत यायला कुणी तयार झालं तर त्याला शहरातल्या लीडरइतकेच पैसे द्या.

असो. या शनिवारी केळदला जातोय. परत आलो की उपांड्याचा ट्रॅक पाण्याच्या जागांसकट नकाशावर टाकतो. ज्याला हवा त्याने घ्यावा, धंदा करायचा असेल तर धंदाही करावा. फक्त वाटाड्याचं नाव पुसू नका.