कॉम्प्युटरने कधी झोपायचं, हे ठरवणार कोण?

समजा, सांगवीतल्या एका घरात रात्री मोठी फाइल डाउनलोडला लावून सगळे झोपले. सकाळी पाहिलं तर डाउनलोड अर्धवटच. इंटरनेट सुरू होतं, वीजही होती. झोपला होता तो कॉम्प्युटर!

जुन्या कॉम्प्युटरवर नव्यानं लिनक्स टाकणाऱ्यांना हा अनुभव येऊ शकतो. विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते. त्यामुळे धडधाकट असूनही अनेक मशीन बाद ठरल्या आणि लिनक्सचा पर्याय चर्चेत आला.

आपोआप स्लीप का होतं?

कारण वीजबचत. युरोपीय संघाच्या २०१३ च्या नियमानुसार, वापर थांबल्यावर ३० मिनिटांच्या आत कॉम्प्युटर आपोआप स्लीपमध्ये जाईल, अशी सेटिंग विकतानाच असावी लागते. लिनक्सवरचे अनेक डेस्कटॉपही असाच टायमर लावून येतात. अडचण अशी की हा टायमर मुख्यतः माउस आणि कीबोर्डकडे पाहतो. मागे डाउनलोड, बॅकअप किंवा व्हिडिओ रेंडरिंग सुरू आहे, हे त्याला आपणहून कळेलच असं नाही.

मग स्लीप बंदच करायचं?

बरेच जण तेच करतात, पण बिलाचा हिशोब पाहा. ६० वॉट खाणारा डेस्कटॉप रोज रात्री १० तास उगाच चालू राहिला, तर महिन्याला १८ युनिट जातात. स्लीपमध्ये तो साधारण ३ वॉटवर आला, तर एक युनिटही लागत नाही.

स्क्रिप्टनं काय साधतं?

स्लीपला अट घालता येते. बहुतेक लिनक्समध्ये ‘सिस्टमडी-इनहिबिट’ ही कमांड असते. आपलं काम तिच्यामार्फत सुरू केलं, की ते संपेपर्यंत स्लीप अडवलं जातं. काम संपलं की अडवणूक आपोआप उठते आणि नेहमीचा टायमर लागू होतो. मात्र लॅपटॉपचं झाकण मिटलं, तर सहसा ही अडवणूक चालत नाही, मशीन झोपतेच.

दुसरी सोय ‘सिस्टम-स्लीप’ फोल्डरची. त्यात ठेवलेली स्क्रिप्ट झोपण्याआधी आणि उठल्यावर चालते. जागं झाल्यावर वायफाय हरवत असेल, तर ते पुन्हा सुरू करण्याचं काम तिला देता येतं.

वीज गेली तर?

स्लीपमध्ये उघडं काम रॅममध्ये असतं आणि रॅमला सतत वीज लागते. लॅपटॉपला बॅटरी असते. यूपीएस नसलेल्या डेस्कटॉपची वीज गेली, की सेव्ह न केलेलं काम गेलं. पुणे आणि पिंपरी-चिंचवडमध्ये महावितरणची देखभालीची कामं अनेकदा गुरुवारी असतात. त्यामुळे इथे बुधवारची रात्र वेगळी धरलेली बरी. त्या रात्री काम संपल्यावर स्लीपऐवजी कॉम्प्युटर पूर्ण बंद करणारी स्क्रिप्ट लावता येते.

हायबरनेटमध्ये सगळं डिस्कवर लिहिलं जातं, त्यामुळे वीज गेली तरी चालतं. पण त्यासाठी डिस्कवर पुरेशी स्वॅप जागा लागते आणि सिक्युअर बूट सुरू असेल तर अनेकदा ते चालत नाही.

काळजी काय घ्यायची?

‘सिस्टम-स्लीप’मधली स्क्रिप्ट रूट अधिकारानं चालते, म्हणजे तिला पूर्ण कॉम्प्युटर मोकळा असतो. त्यामुळे इंटरनेटवरून किंवा एआयकडून मिळालेली स्क्रिप्ट न वाचता चिकटवू नका. आधी हातानं चालवून पाहा. स्क्रिप्ट मध्येच अडकली, तर झोपणंही अडकतं.

कंपनीनं दिलेला टायमर सगळ्यांसाठी सारखाच असतो. तुमच्या घरात रात्री कोणतं काम चालतं आणि वीज कधी जाते, हे त्याला ठाऊक नसतं. म्हणून स्लीप बंद करून टाकू नका, त्याला अट घाला.