ठिबकाचं पाणी वाचलं, पण मीठ कुणाच्या पदरात?



"ठिबक आमचं, मल्चिंग पेपर आमचा, तुम्ही फक्त पट्ट्याची जमीन पाच वर्षं खंडाने द्या," असं सांगत बागायतदार अन् व्यापारी पाड्यापाड्यांवर फिरतायत. ठिबकाने पाणी वाचतं अन् जमीनही खारावत नाही, म्हणतात. पाणी वाचतं हे खरं. दुसरं तपासून घ्या.

बोअरच्या पाण्यात लिटरमागे अर्धा ग्रॅम क्षार असला तर जिभेला कळतही नाही. पण पपईला वा मिरचीला हंगामात एकरी 20 लाख लिटर पाणी दिलं, तर 1000 किलो क्षार शेतात आला. म्हणजे 50 किलोच्या 20 गोण्या! पाणी पीक पितं, क्षार बहुतेक मागेच राहतो.

ठिबक मोजकं पाणी देतं, त्यामुळे क्षार खाली धुऊन जात नाही, ओलाव्याच्या कडेला जाऊन बसतो. पेपराखाली वाफ उडत नाही, म्हणून तिथे काही दिसत नाही. दोन बेडमधली उघडी माती मात्र सुकते अन् पांढरी खार फुटते.

चीनच्या शिनजियांग प्रांतात 1990 च्या दशकापासून कापसाला पेपराखाली ठिबक लावतात. तिथे पाऊस नगण्य. मग क्षार धुवायला हिवाळ्यात वा पेरणीआधी रान पाण्याने भरावं लागतं. वाचवलेलं पाणी असं परत खर्ची पडतं. मातीत प्लास्टिकचे तुकडे राहतात ते वेगळेच.

आपल्याकडे हे धुण्याचं काम पाऊस फुकट करतो. उताराच्या मुरमाड जमिनीत भागतं. पण काळ्या, निचरा नसलेल्या सपाट जमिनीत भागत नाही. त्यात पावसाळ्यातही पेपर तसाच ठेवला, तर पाणी आत शिरणार कुठून?

जमीन बिघडली की खंडवाला दुसरं गाव धरेल. आपण कुठं जाणार? 2006 च्या वनहक्क कायद्याने पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे आहे. तो पोरांना वारसाने मिळतो, पण विकता वा दुसऱ्याच्या नावे करता येत नाही. पोरांना काय मिठागर देणार?

ठिबकाला आमचा विरोध नाही. ज्याला लावायचंय त्याने स्वतःच्या रानात, स्वतःच्या हिशेबाने लावावं. त्याआधी बोअरचं पाणी अन् माती तपासा. पावसाआधी पेपर उचला, कडेला चर काढा. अन् खंडाच्या कागदावर कुणी अंगठा मागितला, तर तो कागद आधी ग्रामसभेत वाचा, बायांसमोर वाचा.

जमीन आमची, तिची मातीही आमची!